ताई, चांगलं वागून मिळालं काय?

(पत्र लांब होतं, थोडं कमी करून देते. नाव-पत्ता छापू नका असं त्यांनीच लिहिलं आहे.)

"ताई, नमस्कार. मी नागपूरला मेडिकल चौकाजवळच्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर आहे. वय 51, डी. फार्म. केलेलं आहे, या दुकानात वीसेक वर्षं झाली. आमचं गिऱ्हाईक म्हणजे जास्त करून मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) भरती असलेल्यांचे नातेवाईक, गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ, तिकडून बालाघाट, छिंदवाड्यापासून येतात. खूप जणांना वाचता येत नाही. मी पाकिटावर सूर्य, अर्धा सूर्य आणि चंद्र काढून देतो म्हणजे कोणती गोळी कधी घ्यायची ते समजते. स्ट्रिप अर्धी कापली की एक्स्पायरीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते, म्हणून ती पेनानं लिहून देतो. संधिवाताची मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच असते, त्यावर लाल पेनानं वार लिहितो. ओआरएसचं मोठं पाकीट एका ग्लासात नाही, पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायचं, हे दिवसातून पन्नास वेळा सांगतो. उन्हाळ्यात इन्सुलिन घेणाऱ्याला विचारतो कुठं जायचं आहे, लांबचं असलं तर आइस पॅक कपड्यात गुंडाळून देतो. तो पॅक काही परत येत नाही, माझ्या पैशानं आणतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक पोट्टं लागलं. हुशार आहे, औषधांच्या माहितीचे रील बनवते, दुकानाचं पेज चालवते. मे महिन्यात मालकानं त्याला काउंटर इनचार्ज केलं आणि पगार वाढवला. मला म्हणाले, तुम्ही तर घरचेच आहात. मुलगी पुण्याला आयटीत आहे, ती म्हणते पप्पा तुम्ही स्वतःचं मार्केटिंगच करत नाही. बायको म्हणते जगाचा ठेका तुम्हीच घेतला का.

खरी गोष्ट पुढं आहे. ज्या दिवशी मालकानं हे सांगितलं त्याच दुपारी एक बाई इन्सुलिनची बाटली घेऊन गेली. कापडी पिशवीत टाकली आणि गेली. मी विचारलं नाही कुठं जायचं आहे. विसरलो नव्हतो, मुद्दाम नाही विचारलं. बाहेर 45 च्या वर होतं. कोणाला काही समजलं नाही, मालकाला नाही, त्या बाईलाही नाही. पंधरा दिवस झाले, काहीच झालं नाही. मग आजपर्यंत हे सगळं करत आलो त्याचा उपयोग काय होता? बंद करून टाकू? की मीही सांगत फिरू?"

भाऊ, नमस्कार.

पत्र पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं, जागेपायी कापावं लागलं त्याचा राग मानू नका. तुमच्या प्रश्नाकडे येते, पण त्याआधी एक काम आहे आणि ते आजच करायचं, हे वाचणं अर्धवट सोडून केलं तरी चालेल.

त्या दुपारचं बिल काढा. आजकाल कॉम्प्युटरवरच बिल असते, त्यात पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव असते आणि बऱ्याच दुकानात मोबाइल नंबरही लिहून घेतात. नंबर असला तर फोन लावा. एवढंच बोला की त्या दिवशी इन्सुलिन देताना एक सांगायचं राहून गेलं, घरी पोचायला किती वेळ लागला, बाटली उन्हात होती का. कोण जाणे, ती बाई अजनीलाच राहत असेल, दहा मिनिटांत ऑटोनं घरी जाऊन फ्रीजमध्ये ठेवलीही असेल आणि तुम्ही इकडे फुकटच पंधरा दिवस झोप खराब करून राहिले. पण तिनं गडचिरोलीची एसटी पकडली असेल, चार-पाच तास त्या तापलेल्या गाडीत पिशवी मांडीवर असेल, तर इन्सुलिनचा जोर कमी झालेला असू शकतो, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे की बाटली बहुतेक वेळा जशीच्या तशी दिसते, पाहून काही ओळखू येत नाही. तेव्हा शुगर तपासून घ्या, जास्त आली तर डॉक्टरला दाखवा आणि हे इन्सुलिन उन्हात गेलं होतं हेही त्यांना सांगा, एवढं त्या बाईपर्यंत पोचलं पाहिजे. घरी फ्रीज नसला तर मडक्याची युक्ती सांगा, मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, बाटली त्या छोट्यात, वरून ओलं फडकं आणि सावलीतली जागा.

नंबर नसला तर? आपल्याकडची नेहमीची बाटली 10 मिलीची, मिलीला 40 युनिट, म्हणजे एकूण 400 युनिट. रोजचे वीस लागत असतील तर वीस दिवस, तीस लागत असतील तर दोन आठवड्यांच्या आत संपते. म्हणजे ती बाई एक तर येऊन गेली किंवा येण्यातच असेल. बिलावरचं नाव काउंटरवर सगळ्यांना सांगून ठेवा, त्या इनचार्ज पोट्ट्यालाही सांगा, की हे नाव आलं की मला आवाज द्या.

झालं? नसेल झालं तर मी थांबते, तुम्ही फोन करून या.

आता तुमचं ते वाक्य घेते, "काहीच झालं नाही". भाऊ, तुम्हाला कसं माहीत? तुम्हाला काही समजलं नाही एवढंच खरं आहे. आणि नीट पाहिलं तर मागची वीस वर्षंही तुम्हाला काहीच समजलेलं नाही, कारण ज्याला तुम्ही आइस पॅक दिला तो गेला तो गेला, ज्याच्या पाकिटावर चंद्र काढला तो गावी जाऊन बरा झाला की नाही ते तुमच्यापर्यंत आलं नाही. तेव्हा तुम्ही न समजता करत होते आणि त्या दिवशी न समजता केलं नाही, दोन्हीकडे तुमच्या हातात माहिती सारखीच शून्य. मग पंधरा दिवसांच्या शांततेवरून तुम्ही वीस वर्षांचा निकाल कसा काय लावून टाकला?

तुमची ती मेथोट्रेक्झेटची गोष्ट घ्या. मला वाटते तुम्हाला स्वतःला तिची किंमत कळली नाही, कळली असती तर ओआरएस आणि स्ट्रिपच्या मधात एका वाक्यात उरकली नसती. वाचणाऱ्यांसाठी सांगते, ही गोळी संधिवाताला खूप लोकांना दिली जाते, आणि ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या वारी. आता घरात काय असते तर बीपीची गोळी रोज, शुगरची रोज, थायरॉइडची रोज, आजीच्या डब्यात सगळ्या रोजच्याच, तर ही पण रोजचीच समजून टाकली जाते, कोणी मुद्दाम करत नाही, नातू भरून देतो डबा बिचारा. आणि ही गोळी रोज पोटात गेली की तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होत जातात, माणूस मरूही शकतो. ही चूक काही आपल्याच भागात होते असं नाही, जगभर झालेली आहे, मोठमोठ्या दवाखान्यांमध्येही. आणि त्याला अडवणारं काय, तर एका माणसानं लाल पेनानं पाकिटावर लिहिलेलं "फक्त सोमवारी".

आता सांगा, याचा हारतुरा कोण घेऊन येणार? वडशाची कोणी म्हातारी एसटीनं नागपूरला येऊन म्हणणार आहे का, की भाऊ, तुम्ही सोमवार लिहिलं म्हणून मी मेली नाही? तिला माहीतच नाही की ती मरणार होती. तिच्या सुनेला माहीत नाही, डॉक्टरलाही माहीत नाही. अडवलेल्या गोष्टीचं असंच आहे, ती घडत नाही म्हणून तिला नाव नाही, तारीख नाही, तिचा फोटो निघत नाही. आपल्या नागपूरचंच पाहा ना, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी मारबत पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे म्हणजे आणखी पुतळे, शंभराच्या वर वर्षं झाली या प्रथेला, इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते, "घेऊन जा गे मारबत" म्हणत रोगराई, महागाई, भ्रष्टाचार सगळ्यांच्या नावानं लोकं बोंबलतात. वाईट गोष्टीचा पुतळा बांधता येतो, मिरवता येतो, जाळता येतो. तुमच्या लाल पेनाचा पुतळा कसा बांधायचा? (मला मारबत आवडते हां, दरवर्षी जाते, कोणी पत्र लिहू नका.)

तर दिसत नाही म्हणून उपयोग नाही, हा हिशोब मला मान्य नाही. पण तुमची तक्रार खोटी आहे असंही मी म्हणणार नाही, कारण तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकांत गुंतल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही. एक तुमचं काम आहे आणि दुसरा तुमचा स्वभाव. मालकानं तुमच्या कामाचे पैसे दिले नाहीत, आणि तुम्ही त्याचा बदला तुमच्या स्वभावावर काढला. मधल्या मधे मार बसला त्या बाईला, जिचा तुमच्या पगाराशी काडीचा संबंध नव्हता.

कामाचं पहिले बोलू, कारण तिथं मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे. "तुम्ही तर घरचेच आहात" हे वाक्य मी इतक्या घरांतून, दुकानांतून, ऑफिसांतून ऐकलं आहे की माझे कानच उभे राहतात, कारण ते नेमकं पैसे द्यायच्या वेळीच निघते. घरचे असते तर गल्ल्यावर बसवलं असतं ना बा. तुम्ही नोकर आहात, चांगले नोकर आहात, आणि नोकराला पगारवाढ मागायचा हक्क आहे, त्यात लाजायचं काही नाही आणि चांगुलपणाला त्यानं कमीपणाही येत नाही.

मागताना काय मांडायचं ते नीट ठरवा. तुमच्या पूर्ण पत्रात एच-वन रजिस्टरचा उल्लेख आहे, काही विशिष्ट अँटिबायोटिक, टीबीची औषधं वगैरे विकली की त्याची वेगळी नोंद करायची, 2014 पासून हा नियम आहे आणि रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागते, ते रोज रात्री तुम्ही भरता आणि सही दुसरा करतो. फ्रीजचं तापमान 2 ते 8 च्या मधात आहे की नाही ते तुम्ही पाहता. एक्स्पायरी जवळ आलेला माल वेगळा काढून कंपनीच्या मुदतीत परत पाठवता, म्हणजे मालकाचे दर महिन्याला पैसे वाचवता. हे काम आहे, हे मोजता येते, मागच्या सहा महिन्यांत किती रुपयांचा माल परत गेला ते कागदावर लिहून न्या. आणि आणखी एक, दुकानाच्या भिंतीवर जे रजिस्टर्ड फार्मासिस्टचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असते ते कोणाचं आहे? तुमचं असलं तर तुमच्याशिवाय कायद्यानं ते दुकान चालत नाही, 1948 च्या फार्मसी कायद्यापासून औषध देण्याचं काम नोंदणी असलेल्या फार्मासिस्टचं आहे. धमकी नका देऊ, धमकी तुम्हाला जमणारही नाही, पण बोलताना ती गोष्ट स्वतःला माहीत असू द्या, आवाज आपोआप वेगळा येतो.

फक्त एक करू नका. त्या यादीत आइस पॅक घालू नका, सूर्य-चंद्र घालू नका. कारण ते मांडलं की मालक म्हणेल, कोणी सांगितलं होतं? आणि तो बरोबर असेल. कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून तर ते तुमचं होतं.

आता तुम्हाला थोडं टोचेल असं बोलते. तुम्ही पत्रात आइस पॅकचा हिशोब लिहिला आहे, पाच उन्हाळ्यांत किती पॅक गेले आणि किती रुपये लागले (ते मी वर छापलं नाही). भाऊ, तो आकडा तुमच्याकडे आला कुठून? कुठंतरी लिहून ठेवत होते ना? मला वाटते गेली काही वर्षं तुमच्या डोक्यात एक उधारीची वही उघडली गेली होती, त्यात तुम्ही प्रत्येक गिऱ्हाईकाचं लिहून ठेवत होते आणि एक दिवस कोणीतरी येऊन सगळं एकदम चुकतं करेल असं वाटत होतं. तो कोणीतरी म्हणजे मालक असं तुम्ही धरून चालले. पण मालकानं तर काही उधार घेतलंच नव्हतं. आणि ज्यांनी घेतलं ते गोंदिया-बालाघाटला निघून गेले, त्यांना माहीतही नाही की कुठं खातं आहे. मी दोष देत नाही, वीस वर्षं कोणी "बरं केलं भाऊ" म्हटलं नाही की माणूस असा हिशोब मांडायला लागतोच, मीही मांडला असता. फक्त हे ओळखा की त्या दुपारी तुम्ही चांगुलपणा सोडला नव्हता, वसुली नाही झाली म्हणून माल द्यायचं बंद केलं होतं.

आता तुम्ही विचारलं की मीही सांगत फिरू का. याचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं नाही.

त्या पोट्ट्याबद्दल तुमचा राग मला समजतो पण थोडं त्याचंही ऐकून घ्या. दाखवून केलेलं चांगलं म्हणजे नाटकच असं आपण पटकन म्हणतो. आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, गावात गेले की पहिले खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. ते काही अंधारात लपून नाही झाडायचे, भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झाडायचे. लोकांनी पाहिलं पाहिजे, पाहून लाज वाटली पाहिजे आणि लाज वाटून खराटा हातात घेतला पाहिजे, तेव्हाच तर गाव साफ होईल. मग बाबांचा चांगुलपणा दिखाऊ झाला का? काम जर असं असेल की एकट्यानं होणार नाही, दहा जणांनी उचललं तरच होईल, तर ते दाखवावंच लागते. त्या पोट्ट्यानं अँटिबायोटिकचा कोर्स मधात सोडू नका म्हणून रील टाकलं (असं तुम्हीच लिहिलं) आणि शंभर लोकांनी ऐकलं, तर ते खरंच चांगलं आहे, त्याला त्यातून बढती मिळाली हे खरं असलं तरी.

आणि जिथं दाखवल्यानं समोरच्याची मान खाली जाते तिथं दाखवायचं नाही. पाकिटावर सूर्य काढून घेणारा माणूस तुमच्यासमोर उभा आहे, त्याला वाचता येत नाही हे त्यानं तोंडानं सांगितलं नाही, तुम्ही त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि न बोलता पेन काढला. यात अर्धी किंमत त्या न बोलण्याची आहे. त्याचं रील बनवलं की ते तिथंच मेलं. तुमच्या मुलीला हे सांगून पाहा, पोरीला समजेल, मार्केटिंगची तिची अर्धी गोष्ट बरोबर आहे, ती पगारवाढीच्या कागदाला लावा, आणि उरलेली अर्धी राहू द्या.

मधात एक तिसरा ढीग आहे, आणि तो तुमच्याकडून सुटला. लाल पेनानं वार लिहिणं, ओआरएस कसं बनवायचं ते सांगणं, ड्राय सिरपच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी कोणत्या रेघेपर्यंत भरायचं ते दाखवणं, हे तुम्ही उपकार म्हणून करता पण ते फार्मासिस्टच्या कामातच येते, 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांमध्ये पेशंटला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. म्हणजे तुम्ही जे एकटे करून राहिले ते खरं तर काउंटरवरच्या प्रत्येकानं केलं पाहिजे. मग ते तुमच्या एकट्याच्या स्वभावावर काहून ठेवायचं? उद्या तुम्हाला ताप आला, तुम्ही घरी राहिले, तर त्या दिवशीच्या म्हातारीला सोमवार कोण लिहून देईल?

तेव्हा एक रबरी शिक्का बनवून घ्या. "ही गोळी आठवड्यातून एकदाच", खाली वार लिहायला मोकळी जागा. कोणत्याही शिक्केवाल्याकडे बनून जाते, थोड्याशा पैशात, आणि हे पैसे दुकानाच्या गल्ल्यातून घ्या, तुमच्या खिशातून नाही. इनचार्जला समोर बसवून दाखवा की हा कधी मारायचा आणि का मारायचा. त्याला सांगा यावर रील बनव, मी बोलतो किंवा तू बोल. तो बनवेल, त्याला विषय पाहिजेच असतात. आणि त्यात तुमचं नाव आलं नाही तर? नाही आलं तर नाही आलं, पण पगारवाढीच्या कागदावर मात्र लिहा की शिक्का मी सुरू केला, कारण ते काम आहे. आइस पॅकचंही असंच काही करता येते का पाहा, काउंटरवर एक डबा ठेवा, परत आणून दिलेले पॅक इथं टाका म्हणून, जे महिन्याला येतात ते तरी आणून देतील. खिशातून पैसे जाणं थोडं कमी होईल आणि डोक्यातला हिशोबही.

मग उरते काय? तुम्ही विचाराल की काम कागदावर गेलं, कर्तव्य शिक्क्यावर गेलं, मग माझं म्हणून राहिलं काय. भाऊ, राहिलं ते असं की रात्रीचे नऊ वाजले आहेत, कोणाचा तरी बाप वरच्या वॉर्डात आहे, पोरगा बारा तासांपासून उपाशी आहे, हातात डॉक्टरची चिठ्ठी, कुठलं औषध कशाचं ते समजत नाही, खिशात पैसे पुरतील की नाही ते माहीत नाही, पूर्ण दिवस कोणी ना कोणी त्याच्यावर खेकसलं आहे, इकडे जा, तिकडे जा, लाइनीत लागा, झेरॉक्स आणा. आणि तुमच्या काउंटरवर दोन मिनिटं एक माणूस त्याच्याशी हळू आवाजात बोलतो, विचारतो कुठून आले, पाणी प्यायले का. याचा शिक्का बनत नाही आणि याची पगारवाढही मागता येत नाही. ते त्या दोन मिनिटांत पूर्ण होऊन गेलेलं असते, पुढं त्यातून काही निघायचं बाकी नसते. तुम्ही विचारता याचा उपयोग काय, तर त्या पोराला त्या रात्री उपयोग झाला. मला तरी यापेक्षा मोठं उत्तर येत नाही, आणि यापेक्षा मोठं उत्तर देणाऱ्यांवर माझा फारसा विश्वासही नाही.

बंद करू का विचारलं तुम्ही. करून पाहिलं ना एकदा? एका बाईला विचारलं नाही आणि पंधरा दिवस झाले तरी तिची कापडी पिशवी डोळ्यांसमोरून जात नाही, असं तुम्हीच लिहिलं. तुम्हाला बंद करणं परवडणारं नाही हो.

आता वहिनींचं. चार पानं पत्र, त्यात गिऱ्हाईकांच्या तीस गोष्टी, आणि बायकोबद्दल एक ओळ, तीही ती काय म्हणून टोमणा मारते ती. "जगाचा ठेका तुम्हीच घेतला का" हे बाई उगाच म्हणत नाही, जगाला मिळते आणि घराला मिळत नाही असं वाटते तेव्हा म्हणते. मला एक सांगा, मे महिन्यात तुमच्या घरी कूलरमध्ये पाणी कोण भरते? पाणी यायची वेळ पाहून पाइप कोण लावते, ताट्यांमधली वाळ्याची जाळी सीझनच्या सुरुवातीला कोणी बदलून आणली, रात्री टाकी संपत आली की अंदाजानं उठून परत कोण भरते? तुम्ही रात्री साडेदहाला दुकानातून येता आणि थंडगार खोलीत झोपता, कूलर चालू आहे हे तुम्हाला दिसते का, की पाणी संपून गरम हवा यायला लागली तेव्हाच दिसते? तुमच्याकडे कोणी पाहत नाही म्हणून तुम्ही मला चार पानं लिहिली, वहिनींनी अजून कोणाला लिहिलं नाही. चुकून तुम्हीच भरत असाल तर मी माफी मागते, पण मला शंका आहे.

त्यांना जाऊन थँक्यू वगैरे म्हणू नका, त्या घाबरतील, म्हणतील काय झालं, शुगर तपासली का. उद्या सकाळी पाइप लावा आणि टाकी भरून दुकानात जा, बस. त्यांच्या लक्षात आलं तर ठीक, नाही आलं तरी ठीक, तुम्हाला तर सवय आहे.

मालकाशी बोलायला सोमवार नका निवडू, रविवारच्या सुट्टीनंतर ओपीडीची सगळी गर्दी त्याच दिवशी तुमच्या काउंटरवर येते आणि मालक कोणाचंच ऐकून घेण्याच्या मूडमध्ये नसतो. मधल्या वारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर बसा, कागद समोर ठेवा, आकडा तुम्ही पहिले बोला, आणि "घरचे" हा शब्द आला की हसून म्हणा, हो ना, म्हणूनच मोकळेपणानं मागून राहिलो. आणि त्या बाईच्या फोनचं काय झालं ते मला कळवा, छापायला नको आहे, मला पाहिजे.

तुमची,
ताई